उपांत्य सामन्यातलं पिवळं कार्ड आणि हुकलेली फायनल

फुटबॉलचा वर्ल्डकप आला की हा मेसेज फिरतोच: 'उपांत्य सामन्यात पिवळं कार्ड मिळालं की बचावपटू फायनलला मुकतो.' धसमुसळ्या खेळामुळे 'कसाई' असं टोपणनाव पडलेल्या खेळाडूबद्दल तर हे लगेच पटतं.

समज निराधार नाही. १९९० आणि २००२ मध्ये उपांत्य सामन्यातल्या पिवळ्या कार्डामुळे खेळाडूंची फायनल खरंच हुकली. पण ते कार्ड त्यांचं दुसरं होतं, आधीच्या सामन्यातलं एक खात्यावर होतं. एका कार्डानं तेव्हाही बंदी येत नव्हती.

२०१० पासून उपांत्यपूर्व फेरी संपली की खात्यावरचं एकटं पिवळं कार्ड पुसलं जातं. त्यामुळे उपांत्य सामन्यात एकच पिवळं मिळालेला खेळाडू फायनल खेळू शकतो. बंदी येते ती लाल कार्डानं, थेट किंवा त्याच सामन्यातल्या दोन पिवळ्यांमुळे. १९९८ मध्ये फ्रान्सच्या बचावपटूची घरच्या मैदानावरची फायनल हुकली ती थेट लाल कार्डामुळे. मला ती शिक्षा आजही जिव्हारी लागते. टोपणनावाचा यात कुठेच संबंध नाही. पंच नोंदवतो ते कार्ड.

पडताळायचं तर स्पर्धेच्या नियमावलीतला शिस्तीचा भाग वाचा, मग त्या खेळाडूच्या प्रत्येक सामन्याच्या अहवालातली कार्डं मोजा. लीग आणि इतर स्पर्धांचे नियम वेगळे असतात, म्हणून नियमावली त्याच स्पर्धेची, त्याच वर्षाची घ्या.