सिस्टरला पगार किती? आधी कोणता आकडा कानावर पडला, त्यावर ठरतं

चुलतभावाकडे बारसं होतं. जेवणं उरकल्यावर ओसरीवर गप्पा पगारावर आल्या. "गुरुजींना आता सत्तर-ऐंशी हजार सहज मिळतात," काका म्हणाले. लगेच कुणीतरी विचारलं, "मग आपली पोरगी नर्स आहे, तिला किती असतील?" चाळीस, पन्नास, पंचेचाळीस असे अंदाज निघाले. माझी पुतणी खासगी रुग्णालयातली नाइट संपवून थेट तिथे आली होती. ती म्हणाली, "काका, अठरा." ओसरी गप्प झाली.

अठराचं मला वाईट वाटलंच. पण डोक्यात घोळत राहिले ते चाळीस-पन्नास. ते आले कुठून?

याचं उत्तर एका जुन्या प्रयोगात सापडतं. १९७४ साली आमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानमन या मानसशास्त्रज्ञांनी 'सायन्स' या नियतकालिकात तो मांडला. लोकांसमोर आकड्यांचं एक चक्र फिरवायचं, मग विचारायचं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के? आधी 'चक्रावरच्या आकड्यापेक्षा जास्त की कमी' ते सांगायचं, नंतर स्वतःचा अंदाज. ज्यांच्यापुढे १० आला त्यांचा मध्यक (म्हणजे सगळे अंदाज क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) अंदाज २५, ज्यांच्यापुढे ६५ आला त्यांचा ४५. चक्राचा आफ्रिकेशी काडीचा संबंध नाही, तरी २० टक्क्यांचा फरक!

याला अँकरिंग म्हणतात, म्हणजे जहाजाचा नांगर टाकणं. मन त्या आकड्यापासून निघतं, पटण्याजोगी जागा येईपर्यंत सरकतं आणि बहुधा लवकरच थांबतं. दुसरं स्पष्टीकरण मला जास्त आवडतं. '६५ पेक्षा जास्त का?' असं विचारताच मन ६५ खरा ठरवणारे पुरावे आधी गोळा करतं, आणि पुढचा अंदाज त्याच पुराव्यांवर बेततो. नांगराची ओढ मोजताही येते. दोन अंदाजांतला फरक भागिले दोन नांगरांतला फरक: (४५ − २५) ÷ (६५ − १०), म्हणजे सुमारे ०.३६. ओढ शून्य असती तर उत्तर ० आलं असतं, आणि लोकांनी नांगरच उत्तर म्हणून उचलला असता तर १.

  

ओसरीवर नांगर होता काकांच्या सत्तर-ऐंशी हजारांचा. तो आकडा खोटा नव्हता, पण तो वरिष्ठ, कायम, सरकारी वेतनश्रेणीतल्या शिक्षकाचा. तोच चटकन आठवतो, कारण वेतन आयोग आणि पेन्शनच्या बातम्यांत तोच असतो. महाराष्ट्रात नव्याने लागणाऱ्या प्राथमिक शिक्षण सेवकाला पहिली तीन वर्षं मानधन मिळतं. २०२३ मध्ये ते ६,००० वरून १६,००० झालं. हे गुरुजी कुणाला आठवले नाहीत. उलट सातव्या वेतन आयोगानुसार केंद्रीय विद्यालयातल्या प्राथमिक शिक्षकाचं सुरुवातीचं मूळ वेतन ३५,४००, तर एम्समधल्या नर्सिंग ऑफिसरचं ४४,९००. म्हणजे सरकारी तक्त्यात नर्स वर आहे! ओसरीवर तुलना चालली होती ती सरकारी शिक्षकाची आणि खासगी नर्सची, आणि दोन्ही पारड्यांत वेगळी मापं आहेत हे कुणाच्याच लक्षात आलं नाही.

खासगीतली दरी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती. २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने शिफारस केली की २०० पेक्षा जास्त खाटांच्या रुग्णालयांनी सरकारी नर्सइतका पगार द्यावा, आणि ५० पेक्षा कमी खाटा असल्या तरी २०,००० च्या खाली जाऊ नये. अंमलबजावणी राज्यांवर सोपवली गेली. पुतणीचे अठरा त्या तळाच्याही खाली आहेत, आणि रात्री तिच्याकडे बारा पेशंट असतात.

परवा ती दुसऱ्या रुग्णालयात मुलाखतीला गेली. पहिलाच प्रश्न: "सध्या किती मिळतात?" तिने अठरा सांगितले. समोरून एकवीस आले. मी तिला चक्राचा प्रयोग सांगितला. तिने डायरी काढली, ४४,९०० लिहिलं, त्याखाली २०,००० लिहून रेघ मारली आणि म्हणाली, "पुढच्या वेळी आधी मी बोलणार."