सेन्सरचा आकार आणि लेन्सचा दर्जा

लहान सेन्सरच्या कॅमेऱ्याला साधी लेन्सही पुरते, असा समज आढळतो. प्रत्यक्षात सेन्सर जितका लहान, तितके छायाचित्र छापताना अधिक मोठे करावे लागते आणि त्याच पटीने लेन्सचे दोषही मोठे होतात.

३० सेंमी रुंद छपाईसाठी फुल-फ्रेम सेन्सरवरील (३६ × २४ मिमी) प्रतिमा सुमारे ८.३ पट वाढवावी लागते, मायक्रो फोर थर्ड्सवरील (१७.३ × १३ मिमी) १७.३ पट. हातभर अंतरावरून छायाचित्र पाहताना डोळ्याला एका मिलिमीटरमध्ये साधारण ५ रेषाजोड्या (एक काळी व एक पांढरी रेष मिळून एक जोडी) वेगळ्या दिसतात असे धरले, तर पहिल्या लेन्सने सेन्सरवर मिलिमीटरमागे सुमारे ४२ जोड्या सुट्या दाखवायला हव्यात, दुसरीने ८७.

हे तितके अवघड नाही, कारण लेन्सची रचना तशीच ठेवून तिचा आकार निम्मा केला की भिंगांची विपथनेही (प्रकाशकिरण नेमके एका बिंदूत न जुळण्याचे दोष) निम्मी होतात. कारखान्यातल्या चुका मात्र आपोआप निम्म्या होत नाहीत. फुल-फ्रेम लेन्समध्ये खपून जाणारे भिंगाचे किंचित सरकणे लहान लेन्समध्ये चित्राची एक बाजू अस्पष्ट करते.

प्रकाशाची तरंगलांबीही आकसत नाही. विवर्तनामुळे, म्हणजे लेन्सच्या छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, बिंदूची चकती होते आणि तिचा व्यास फक्त एफ-अंकावर (लेन्सचे नाभीय अंतर भागिले छिद्राचा व्यास) ठरतो: हिरव्या प्रकाशात एफ/२२ ला जवळजवळ ०.०३ मिमी. मायक्रो फोर थर्ड्सवरून वरील छपाई केली की तिचा अर्ध्या मिलिमीटरचा डाग होतो. उलट १९३२ साली सॅन फ्रान्सिस्को परिसरात स्थापन झालेल्या छायाचित्रकारांच्या गटाने ‘एफ/६४’ हे नाव अभिमानाने घेतले. ८ × १० इंची निगेटिव्ह न वाढवता थेट कागदावर उतरवली, तर एफ/६४ ची ०.०९ मिमीची चकती डोळ्याला जाणवतही नाही.

मोठ्या सेन्सरची खरी अडचण कोपऱ्यांत असते. फुल-फ्रेमला किमान ४३.३ मिमी व्यासाचे प्रतिमावर्तुळ (लेन्स पाडते ते गोल चित्र) लागते. अपर्चर (लेन्सचे छिद्र) पूर्ण उघडून रात्रीचे आकाश टिपले, तर मधले तारे टाचणीच्या टोकासारखे येतात, पण कडेच्या ताऱ्यांना पंख फुटतात. तीच लेन्स एपीएस-सी (फुल-फ्रेमहून लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर लावली की हे कोपरे कापले जातात. मात्र उरलेला मधला भाग दीडपट जास्त ताणला जातो, हे जुन्या फिल्मकाळातील लेन्स वापरणारे बरेचदा विसरतात.

पार्श्वभूमी धूसर करण्यातही लहान सेन्सर महाग पडतो. फुल-फ्रेमवरील ५० मिमी एफ/१.८ चा परिणाम मायक्रो फोर थर्ड्सवर हवा असेल, तर २५ मिमी एफ/०.९ ची लेन्स लागेल.