पाणवठ्यावरचा कॅमेरा आणि कुंपणामागचा कायदा

दक्षिण आफ्रिकेच्या लिम्पोपो किंवा म्पुमालांगा प्रांतातील एखाद्या खासगी रानातला पाणवठा रात्री साडेनऊच्या सुमारास पुण्या-नाशिकच्या घरात थेट दिसू लागतो, तेव्हा तिकडे संध्याकाळचे सहा वाजलेले असतात. जिराफ पाण्याशी येतो, बराच वेळ नुसताच उभा राहतो, मग पुढचे दोन्ही पाय फाकवून मान खाली घालतो आणि पहिला घोट घेण्याआधीच दचकून पुन्हा सरळ होतो. काळोख पडला की चित्र करडे होते, जनावरांचे डोळे चमकू लागतात आणि दिव्यापाशी येणाऱ्या किड्यांच्या आशेने कोळ्याने भिंगासमोर विणलेले जाळे अख्ख्या रानापेक्षा ठळक दिसते. नियमित पाहणाऱ्यांना हे सारे ओळखीचे आहे. सहसा न सांगितली जाणारी गोष्ट ही, की ते रान कुणाच्या तरी नावावर आहे आणि पुष्कळदा त्यातले जनावरसुद्धा.

इथे आधी शब्दाचा गुंता सोडवावा लागतो. अशा रानाला तिकडे पुष्कळदा ‘गेम रँच’ म्हणतात. त्यातला ‘गेम’ म्हणजे खेळ नव्हे, तर शिकारीचे जनावर. ‘शिकारी प्राणी’ असे भाषांतर केले तर मराठीत नेमका उलटा अर्थ निघतो. ‘सावज’ हा शब्द त्यातल्या त्यात जवळचा. दक्षिण आफ्रिकेत ‘गेम रिझर्व्ह’ म्हटले की पर्यटकांच्या गाड्या डोळ्यांसमोर येतात, ‘गेम रँच’ म्हटले की मोठे माळरान, जिथे जनावर आपले आपण चरते, आणि ‘गेम फार्म’ म्हटले की लहान कुरणे, चारा आणि निवडक पैदास. व्यवहारात मात्र या तिन्हींच्या सीमा पुसट आहेत. एकाच मालकाच्या जमिनीवर हिवाळ्यात शिकारी उतरतात आणि उरलेल्या दिवसांत कॅमेरेवाले. केनियातल्या लायकिपिया भागात ‘रँच’ हाच शब्द वेगळ्या अर्थाने चालतो. तिथे रँच मुळात गुरांची. झेब्रे आणि हत्ती त्याच गवतावर गुरांबरोबर चरतात, पण ते सरकारचे असतात आणि १९७७ पासून त्यांच्या शिकारीवर बंदी आहे. केनियातल्या रँचवरचे चित्र आणि लिम्पोपोमधल्या रँचवरचे चित्र पडद्यावर सारखेच दिसत असले, तरी त्यामागची मालकी अगदी भिन्न आहे. आपल्याकडे खासगी मालकीचा सांबर ही कल्पनाच नसल्यामुळे मराठी प्रेक्षकाला हा फरक सहसा जाणवत नाही.

दक्षिण आफ्रिकेतल्या मालकीचे मूळ रोमन-डच कायद्यात आहे. त्यानुसार रानटी जनावर कुणाचेच नसते. जो त्याला पकडतो किंवा मारतो त्याचे ते होते आणि सुटून पुन्हा रानात गेले की पुन्हा कुणाचेच राहत नाही. शेजारच्या नैऋत्य आफ्रिकेत, म्हणजे आजच्या नामिबियात, आणि ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेत, १९७५ च्या कायद्यांनी जमीनमालकांना वन्यप्राण्यांवर व्यापक हक्क दिले होते. ऱ्होडेशियात त्याच्याही आधी, १९५९-६० च्या सुमारास, गुरांऐवजी रानटी जनावरांचे मांस विकून रँच चालवता येते का, याचे प्रयोग झाले होते. दक्षिण आफ्रिकेने ही वाट थोडी उशिरा, पण अधिक ठामपणे धरली. १९९१ च्या १०५ क्रमांकाच्या कायद्याने असे ठरवले की, पुरेशा कुंपणाच्या आत सावज राखणाऱ्याची मालकी ते सावज पळून गेले तरी संपत नाही. कुंपण पुरेसे आहे हे प्रांतिक अधिकाऱ्याने प्रमाणपत्र देऊन सांगायचे आणि ते प्रमाणपत्र तीन वर्षांपुरते. प्रत्यक्षात ‘पुरेसे कुंपण’ म्हणजे कुडूसारख्या उंच उडी मारणाऱ्या जनावरालाही अडवील अशी, साधारण २.४ मीटर उंचीची तारांची भिंत.

या कायद्याचे नाव सावजाच्या चोरीविरुद्धचे आहे, पण त्याचे खरे काम मालकी घडवण्याचे होते. त्यातली व्याख्याही मजेशीर आहे: ‘सावज’ म्हणजे धंद्यासाठी किंवा शिकारीसाठी राखलेले सावज. व्याख्या स्वतःभोवतीच फिरते, तरी हेतू पुरेसा उघड आहे. हरिण कुठल्या जातीचे यापेक्षा ते कशासाठी राखले आहे, याला कायद्याने महत्त्व दिले. समर्थकांचे म्हणणे असे की, यामुळेच माळरानावरची गुरे हटून जनावरे परत आली, आणि त्यात तथ्य आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोजदादीनुसार देशात सुमारे ९,००० खासगी वन्यजीव रँच आणि सुमारे १.७ कोटी हेक्टर जमीन या धंद्यात होती. मात्र या आकड्यांच्या बाजूला एक तारीख ठेवायला हवी. कृष्णवर्णीयांना बहुतांश जमिनीची मालकी नाकारणारा १९१३ चा भूमिकायदा रद्द करणारा कायदाही १९९१ चाच असून त्याचा क्रमांक १०८ आहे. बहुसंख्य कृष्णवर्णीयांना मताधिकारच नसलेल्या संसदेने जमिनीवरचे वांशिक निर्बंध उठवले आणि त्याच वर्षी, जमीन ज्यांच्या हाती आधीच होती त्यांना जमिनीवरच्या जनावरांचीही पक्की मालकी देऊन टाकली. गुरे जाऊन सावज आले तसे अनेक फार्मांवर मजुरांची कामे आणि पिढ्यान्‌पिढ्यांची घरेही गेली. कुंपणाच्या जमाखर्चात ही बाजू क्वचितच मांडली जाते.

मालकी पक्की झाल्यावर बाजार आला. लिलावात जनावरांचे भाव वाढत गेले, काळा इम्पाला आणि सोनेरी वाइल्डबीस्ट अशा दुर्मीळ रंगांची मुद्दाम पैदास झाली, २०१६ मध्ये एका आफ्रिकी रानरेड्याची किंमत १७.६ कोटी रँड (तिथले चलन) धरली गेली आणि पुढे रंगांचे हे भाव कोसळलेही. कायद्याची दुसरी बाजू २०१८ मध्ये उघडी पडली. ईस्टर्न केप प्रांतातल्या थॉमस बेन्स या सरकारी रानातून काही रानम्हशी शेजारच्या खासगी जमिनीत शिरल्या होत्या. सरकारी यंत्रणेने त्या परत मागितल्या, पण तिच्याकडे १९९१ च्या कायद्याचे कुंपण-प्रमाणपत्र नव्हते. अपील न्यायालयाने जुना नियम लावला: म्हशी सुटल्या, म्हणून मालकी संपली. खासगी मालकाला मिळणारे संरक्षण कागदाअभावी खुद्द सरकारला मिळाले नाही.

कॅमेऱ्याचा प्राचीन इतिहास तुलनेने थोडक्यात आटोपतो. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन पूर्व आफ्रिकेत छायाचित्राच्या काचेच्या प्लेट्स आणि मॅग्नेशियमच्या भुकटीचा उजेड वापरून रात्री पाण्यावर आलेल्या सिंहांची छायाचित्रे घेतली गेली. १९२० च्या दशकात भारतातल्या रानवाटांवर वाघाच्या पायाने तार ओढली जाऊन त्याचे चित्र त्यानेच काढावे, अशी योजना यशस्वी झाली. दोन्ही ठिकाणी माणूस शेवटी चित्र घ्यायला रानात जातच होता.

दूर बसून पाहणे सुरू झाले ते १९९८ मध्ये. दक्षिण आफ्रिकेतल्या एका लहान उपक्रमाने खासगी रानातल्या पाणवठ्यावर कॅमेरा लावून त्याची चित्रे इंटरनेटवर दाखवायला सुरुवात केली. ती चित्रे हलत नव्हती. ठरावीक वेळाने एक स्थिर चित्र जाऊन दुसरे येत असे, आणि हत्ती एका चित्रात झाडामागे तर पुढच्यात थेट पाण्यात दिसे. हा प्रयोग आधी खासगी रानांत झाला, यात मला योगायोग दिसत नाही. तिथे खांब रोवायला, वीज ओढायला आणि रात्रभर दिवा लावायला मालकाचा होकार पुरतो. राष्ट्रीय उद्यानांनीही पुढे साटारा, ऑर्पेन, अ‍ॅडो येथे कॅमेरे लावले.

या कॅमेऱ्यांची पहिली मोठी कीर्ती क्रुगर राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या साबी सँड या खासगी रानांच्या भागातून झाली, आणि गंमत अशी की, तिथली स्थिती वर सांगितलेल्या कायद्याच्या नेमकी उलट आहे. क्रुगर राष्ट्रीय उद्यान आणि साबी सँड यांच्यामधले कुंपण १९९३ मध्ये काढून टाकण्यात आले. त्यामुळे तिथला बिबट्या सकाळी खासगी जमिनीवर, तर रात्री सरकारी उद्यानात असू शकतो. कुंपणबंद रँचवरचा कुडू मालकाच्या हिशेबवहीत असतो. साबी सँडचा बिबट्या कुणाच्याच वहीत बसत नाही.

२००५ मध्ये बोत्स्वानाच्या तुली भागातल्या खासगी रानातून एका पाणवठ्याचे चलत्‌चित्र जगभर दिसू लागले. हळूहळू कॅमेरा फिरवण्याचे आणि जवळचे दृश्य घेण्याचे कामही हजारो मैलांवरच्या घरांत बसलेल्या स्वयंसेवकांकडे आले. त्याच वर्षी अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये एका रँचवर कॅमेऱ्याला रायफल जोडून, घरबसल्या माउसची कळ दाबून शिकार करण्याची सोय काढण्यात आली आणि त्यानंतर अनेक राज्यांनी तिच्यावर बंदी घातली. तंत्र दोन्हीकडे जवळजवळ एकच होते, आणि ‘गेम’ या शब्दाच्या पोटात काय आहे याची आठवण त्याने करून दिली.

कॅमेऱ्यासमोरचे पाणीही तपासून पाहावे असे असते. पुष्कळ पाणवठे बोअरचे पाणी पंपाने चढवून भरलेले असतात, आणि पाणी कायम असले की कोणती जनावरे दिसतील हेही बदलते. याचा धडा क्रुगरमध्ये मिळाला. तिथे दुष्काळावर उपाय म्हणून शेकडो बोअर खोदले गेले. उत्तरेकडच्या कोरड्या भागात पाणी आले तसे झेब्रे आणि वाइल्डबीस्ट आले आणि त्यांच्यामागून सिंह. रोन जातीच्या मोठ्या कुरंगांची तिथली संख्या १९८६ ते १९९३ या काळात सुमारे ४५० वरून सुमारे ४५ वर आली. त्यानंतर अनेक बोअर बंद करण्यात आले. उन्हाळ्यात टँकरने पाणवठे भरण्याची आपल्याकडची पद्धत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा प्रश्न परका वाटणार नाही.

मोजणीसाठी लागणारा कॅमेरा वेगळा. तो पाणवठ्यावर नसतो, तर वाटेकडेच्या झाडाला गुडघाभर उंचीवर बांधलेला असतो आणि समोरून ऊबदार अंगाचे काही हलले की चित्र घेतो. टांझानियातल्या सेरेंगेटीत २०१० पासून २२५ कॅमेऱ्यांची जाळी उभी राहिली, लाखो चित्रांतली जनावरे सामान्य लोकांनी घरबसल्या ओळखली आणि पुढे त्याच ओळखींवर संगणकाला शिकवले गेले. दक्षिण आफ्रिकेत या मोजणीला धोरणाचा भार आला तो बिबट्यामुळे: देशात बिबटे नेमके किती आहेत याची खात्री नसल्यामुळे २०१६ साठी त्यांच्या शिकारीचा कोटा शून्य ठेवण्यात आला. ठिपक्यांवरून बिबट्या ओळखायचा तर कॅमेरा हवा, आणि बिबट्यांचा मोठा वावर खासगी जमिनीवर असल्यामुळे मालकाची परवानगीही हवी. बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसून डोळ्यांनी केलेली मोजणी कॅमेऱ्यापुढे मागे पडली, तो प्रवास महाराष्ट्राने पाहिलाच आहे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागून पर्यटन थांबले, तेव्हा रिकाम्या रानांतून गाडीतली रोजची थेट फेरी दाखवली जाऊ लागली आणि प्रेक्षक कैक पटींनी वाढले. त्याच्या आदल्याच वर्षी, २०१९ मध्ये, सिंह, चित्ता, जिराफ आणि गेंडा यांच्यासह ३० हून अधिक रानटी जातींची नावे दक्षिण आफ्रिकेतल्या शेतीतल्या जनावरांच्या पैदासविषयक कायद्याच्या यादीत घालण्यात आली होती, आणि त्या निर्णयावर संरक्षणवाद्यांनी जोरदार आक्षेप घेतला होता. पडद्यावर जे रान म्हणून पाहिले जात होते, तेच कागदावर पशुधनाच्या जवळ सरकत होते.

गेंड्यापुढे मात्र कॅमेरा जपून वागतो. २०१४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत १,२१५ गेंडे चोरट्या शिकारीत मारले गेले. त्या सुमारास पर्यटकांना फोटोतली स्थाननोंद बंद ठेवायला सांगितले जाऊ लागले. थेट फेरीत गेंडा समोर आला तर काही ठिकाणी चित्र दुसरीकडे वळवतात, तर काही ठिकाणी तो दाखवतात, पण जागा सांगत नाहीत. पाणवठ्यावर खिळलेल्या कॅमेऱ्याची अडचण अशी की, त्याची जागा सगळ्यांना आधीच ठाऊक असते.