झिजलेल्या दाताची तपासणी

दात किडणे आणि दात झिजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किडीत तोंडातले जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात. झिजेत मात्र जिवाणूंचा हात नसतो. दातावर दात घासला जाणे, बाहेरची वस्तू दातावर घासली जाणे आणि अन्नातून किंवा पोटातून आलेले आम्ल ही तिची मुख्य कारणे. दातावरचे एनॅमल वजनाने सुमारे 96 टक्के खनिज असते व शरीरात त्याहून कठीण दुसरे काही नाही, परंतु त्यात जिवंत पेशी नसल्यामुळे गेलेले एनॅमल पुन्हा तयार होत नाही. वयानुसार थोडी झीज सगळ्यांचीच होते. त्यामुळे साठीच्या माणसात जी झीज दंतवैद्य नोंद करून सोडून देतील, तीच विशीतल्या मुलात दिसली तर ते कारणाच्या मागे लागतात.

कारण शोधताना सर्वांत उपयोगी पडते ती झिजेची जागा. झोपेत दात खाणाऱ्यांच्या दातांवर सपाट, चकचकीत पृष्ठे तयार होतात आणि वरच्या-खालच्या दातांची ही पृष्ठे एकमेकांवर नेमकी बसतात. जोर लावून आडवा ब्रश फिरवणाऱ्यांच्या सुळ्यांवर आणि उपदाढांवर हिरडीलगत पाचरीच्या आकाराची खाच पडते. राखुंडीसारखी खरखरीत पूड रोज बोटाने घासल्यानेही अशीच झीज होते. महाराष्ट्रात अनेक स्त्रिया वापरतात त्या मिश्रीत तर तंबाखू असतो, म्हणजे तिथे झीज हा धोक्याचा लहानसाच भाग झाला.

आम्लाने झिजलेला दात ओळखायला नजर सरावलेली लागते, कारण तो सुरुवातीला उलट छान गुळगुळीत दिसतो. त्यावरच्या बारीक रेषा पुसल्या जातात, दाढांच्या टोकांवर वाटीसारखे खळगे पडतात आणि जुनी चांदी भरलेली असेल तर ती भोवतालच्या दातापेक्षा उंच उठून दिसते, कारण आम्लाने दात विरघळतो, चांदी विरघळत नाही. वरच्या पटाशीच्या दातांची ओठाकडची बाजू झिजली असेल तर संशय आंबट पेयांवर जातो. टाळूकडची बाजू झिजली असेल तर पोटातले आम्ल वर येत असावे. छातीत जळजळ होत नसतानाही असे घडू शकते, त्यामुळे पित्ताचा त्रास कधी कधी आधी दंतवैद्याच्याच लक्षात येतो. वारंवार उलट्या करणाऱ्या रुग्णातही हीच खूण दिसते आणि तिथे प्रश्न फार जपून विचारावा लागतो. प्रत्यक्षात मात्र बहुतेक रुग्णांत दोन-तीन कारणे एकत्र असतात.

साधारणपणे तोंडातला पीएच, म्हणजे आम्लतेचे माप (आकडा जितका कमी तितके आम्ल तीव्र), 5.5च्या खाली गेला की एनॅमल विरघळू लागते. कोलाचा पीएच 2.5च्या आसपास असतो आणि लिंबाचा रस त्याहूनही आम्लधर्मी असू शकतो. तरीही जेवणासोबत प्यायलेल्या एका पेल्यापेक्षा तासभर घोट घोट घेतलेले सरबत दातांना अधिक बाधते, कारण लाळेला आम्ल निवळायला सवडच मिळत नाही. आंबट खाल्ल्यावर लगेच दात घासू नयेत, साध्या पाण्याने चूळ भरावी, असे सांगतात ते याचसाठी.

झीज वाढते आहे की थांबली आहे, हे एका भेटीत कळत नाही. म्हणून छायाचित्रे, दातांचे साचे किंवा स्कॅन जपून ठेवून काही महिन्यांनी तुलना करतात. आम्लजन्य झिजेसाठी 2008 साली मांडलेल्या एका पद्धतीत तोंडाचे सहा भाग करून प्रत्येकाला 0 ते 3 गुण देतात. एकूण गुण 18पर्यंत जाऊ शकतात आणि बेरीज जितकी मोठी तितकी देखरेख अधिक कडक.

अनेकांना कारण दूर करणे, फ्लोराइडची पेस्ट आणि ही देखरेख एवढेच पुरते. अवघड प्रश्न येतो तो पुढचे दात निम्मे झिजल्यावर. दात झिजत असताना हाडासह हळूहळू पुढे सरकत राहतो, त्यामुळे तो आखूड झाला तरी समोरच्या दाताला टेकलेलाच असतो आणि नवे साहित्य बसवायला जागा उरत नाही. जागेसाठी उरलेला दात आणखी कापणे ही जुनी रीत; आधीच झिजलेल्या दाताच्या बाबतीत ती मला उफराटी वाटते. 1975 साली नॉर्वेच्या डाल यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा मार्ग दाखवला. त्यांनी वरच्या पुढच्या दातांच्या मागे धातूची काढता येणारी पट्टी बसवून चावा मुद्दाम उंच केला. मागच्या दाढा त्यामुळे एकमेकींना टेकेनात. पण काही महिन्यांत पुढचे दात किंचित आत दबले, दाढा वाढून पुन्हा भिडल्या आणि पुढे हवी ती जागा तयार झाली. आता धातूऐवजी दाताच्या रंगाचे काँपोझिट हे भरण्याचे साहित्य थेट झिजलेल्या दातांवर चिकटवतात. त्यासाठी दात जवळजवळ कापावाच लागत नाही, मात्र सुरुवातीचे काही आठवडे चावताना अडचण होते, हे रुग्णाला आधीच सांगावे लागते. काँपोझिटचे टवके उडतात, पण तेवढाच भाग पुन्हा भरता येतो.

दात खाण्याची सवय असेल तर रात्री लावायला कडक अ‍ॅक्रिलिकचा ट्रे देतात. त्याने सवय सुटते असे नाही, पण दातांऐवजी ट्रे झिजतो. रात्री पोटातले आम्ल वर येणाऱ्यांच्या बाबतीत मात्र ते ट्रेखाली साचून राहू शकते, म्हणून त्यांच्या पित्तावर उपचार आधी होणे आवश्यक असते.