आयास (अजॅक्स), टेलामॉनपुत्र

ग्रीक पुराणकथांतील ट्रॉय-युद्धाचा एक प्रमुख वीर. सॅलमिस बेटाचा राजा टेलामॉन व पेरिबोइया यांचा मुलगा. इंग्रजीमार्गे मराठीत रुळलेले ‘अजॅक्स’ हे रूप लॅटिन ‘आयाक्स’वरून आले, मूळ ग्रीक नाव आयास, आणि कॉरिंथच्या जुन्या चित्रित भांड्यांवर ‘आयवास’. कवी पिंडारने या नावाचा संबंध गरुडवाचक ‘आयेतोस’ शब्दाशी लावला, तर नाटककार सॉफोक्लीझने ‘आयाय’ या शोकोद्गाराशी. दोन्ही व्युत्पत्ती कवींच्या कल्पनेतल्या आहेत. ओइलेउसचा मुलगा, लोक्रिसचा धाकटा आयास, हा निराळा.

होमरच्या ‘इलियड’ या महाकाव्यात ग्रीक वीरांमध्ये अकिलीझच्या खालोखाल बळ आयासचे मानले आहे. त्याची खरी ओळख मात्र त्याची ढाल. सातव्या सर्गातील वर्णनानुसार हिले येथील तिखिओस या चर्मकाराने पुष्ट बैलांच्या कातड्यांचे सात थर एकावर एक बसवून ती घडवली आणि वर आठवा थर काशाचा चढवला. ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर याचा भाला कासे आणि सहा कातडी भेदून सातव्यात अडकतो. कवीने आकार सांगितला तो ‘बुरुजासारखा’ एवढाच. अशी अंगभर ढाल मुख्यतः खांद्यावरून घेतलेल्या पट्ट्यावर पेलावी लागते. म्हणून माघार घेताना आयास ती पाठीवर टाकतो (सर्ग ११), आणि सावत्र भाऊ तेउक्रोस तिच्या आडून बाण मारून पुन्हा तिच्यामागे दडतो (सर्ग ८). दोषही उघड आहेत. सोळाव्या सर्गात ढाल सतत पेलून आयासचा डावा खांदा भरून येतो, धाप लागते, घामाच्या धारा वाहतात. पंधराव्या सर्गात मायसीनीचा पेरिफेतेस मागे वळताना पायांपर्यंत पोचणाऱ्या स्वतःच्याच ढालीच्या कडेला अडखळून पडतो आणि मारला जातो.

मायसीनी या प्राचीन ग्रीक नगराच्या खड्डेवजा थडग्यांत १८७६ मध्ये सापडलेल्या, सिंहाच्या शिकारीचे दृश्य असलेल्या खंजिरावर अशाच अंगभर ढाली दिसतात. थेरा बेटावरील आक्रोतिरीच्या भित्तिचित्रांतही त्या आहेत. हा काळ साधारणपणे इ. स. पू. सोळावे शतक किंवा त्याच्या आगेमागे धरला जातो. तेराव्या-बाराव्या शतकांत लहान ढाली प्रचारात आल्या. त्यामुळे आयास ही होमरपूर्व, जुन्या थरातील व्यक्तिरेखा असावी, असे मत पुढे आले व ते बरेच मान्य आहे. तथापि आयासच्या ढालीचा काशाचा थर व मधला उंचवटा यांचा त्या चित्रांशी नीट मेळ बसत नाही. कवीने जुन्या-नव्या ढालींची सरमिसळ केली असणे अधिक संभवते.

‘टेलामॉन’ या शब्दाचा ग्रीकमधील अर्थच ढालीचा किंवा तलवारीचा पट्टा. चौदाव्या सर्गात हेक्टरचा भाला आयासच्या छातीवर नेमका असे दोन पट्टे एकमेकांना छेदतात तिथे बसतो आणि तो वाचतो. ‘टेलामोनिओस’ म्हणजे आधी ‘पट्टेवाला’, आणि पित्याचे नाव या विशेषणावरून पुढे घडले, असा तर्क त्यामुळे केला जातो. मुलाचे नाव एउरिसाकेस, म्हणजे ‘रुंद ढालीचा’, हेही त्याला पूरक आहे. टेलामॉन व अकिलीझचा पिता पेलेउस भाऊ आणि आयास अकिलीझचा चुलतभाऊ, हे नाते सर्वमान्य नव्हते. प्राचीन ग्रीक लेखक फेरेकिदेसच्या मते टेलामॉन पेलेउसचा केवळ मित्र होता.

‘आयांते’ या द्विवचनी रूपाचा प्रश्न संस्कृत जाणणाऱ्या वाचकाला लगेच उमगेल. ‘इलियड’मध्ये त्याचा अर्थ सहसा ‘दोन आयास’ असा घेतात. भाषाशास्त्रज्ञ याकोब वाकरनागेलने १८७७ मध्ये सुचवले, की ते मुळात ‘आयास आणि त्याचा भाऊ तेउक्रोस’ असे असावे. जसे ‘पितरौ’ म्हणजे दोन बाप नव्हेत, आई आणि बाप. तेराव्या सर्गात इंब्रिओसला तेउक्रोस मारतो, पण प्रेत ओढून नेतात ते ‘आयांते’, आणि पुढे ओइलेउसपुत्र त्याचे मुंडके उडवतो. जुनी ओळ नव्या अर्थाने वाचली गेल्याची ही खूण दिसते.

‘इलियड’च्या दुसऱ्या सर्गातील नौकासूचीत, म्हणजे ग्रीकांच्या जहाजांच्या यादीत, सॅलमिसची १२ जहाजे अथेन्सच्या पंक्तींशेजारी उभी असल्याची ओळ (२.५५८) प्राचीन काळापासून संशयित आहे. अथेन्सच्या शेजारच्या मेगारा नगराशी सॅलमिसवरून चाललेल्या वादात पुरावा म्हणून ती सोलोन किंवा पेइसिस्त्रातोस या अथेनियन नेत्यांपैकी कोणीतरी घुसडली, असा आरोप भूगोलकार स्ट्रेबोने नोंदवला आहे. काव्यात इतरत्र आयासचा तळ अगदी टोकाला आहे. आरोपाला त्यामुळे वजन येते. इ. स. पू. ५०८–५०७ च्या सुमारास क्लेइस्थेनीझने केलेल्या अथेन्सच्या १० जमातींपैकी एकीला आयासवरून ‘आयांतिस’ नाव मिळाले. परका असूनही शेजारी व मित्र म्हणून त्याला घेतले, असे हेरॉडोटस सांगतो. इ. स. पू. ४८० मध्ये सॅलमिसच्या लढाईपूर्वी ग्रीकांनी त्याचा व टेलामॉनचा धावा केला आणि विजयानंतर एक फिनिशियन युद्धनौका त्याला अर्पण केली.

अकिलीझच्या मृत्यूनंतर त्याची शस्त्रे आयासऐवजी ओडिसेउस या ग्रीक वीराला मिळाली, वेडाच्या भरात आयासने गुरे कापली, आणि भानावर येताच हेक्टरने द्वंद्वानंतर भेट दिलेल्या तलवारीवर देह टाकला. ही कथा ‘लहान इलियड’ या लुप्त काव्यात होती. सॉफोक्लीझच्या नाटकामुळे ती सर्वतोमुखी झाली. शस्त्रांचा निवाडा कोणी केला याविषयी एकवाक्यता नाही. ‘ओडिसी’त तो ट्रॉयकरांची मुले व अथीना यांचा आहे आणि पाताळात भेटलेला आयास ओडिसेउसशी एक शब्दही बोलत नाही. ‘लहान इलियड’प्रमाणे प्रथेनुसार दहन न करता त्याला पेटीत पुरले.

एक्सेकियास या अथेनियन चित्रकाराच्या, सध्या फ्रान्समधील बूलोन्य येथे असलेल्या कुंभावर (इ. स. पू. सु. ५४०–५३०) आयास ओणवा होऊन तलवारीची मूठ मातीत पक्की रोवतो आहे. मरणाऐवजी त्याआधीची ही तयारी रंगवणे विरळा. व्हॅटिकनमधील कुंभावर तो अकिलीझबरोबर सोंगट्या-फाशांचा खेळ खेळतो. अकिलीझच्या तोंडी ‘चार’, आयासच्या तोंडी ‘तीन’ अशी अक्षरे आहेत. या प्रसंगाला उपलब्ध वाङ्मयात आधार नाही, तरी शंभराहून अधिक भांड्यांवर तो आहे. दोन्ही चित्रांत ढाल मात्र बाजूंना खाचा असलेली, ज्याला बीओशियन म्हणतात तशी आहे.

त्याचे थडगे ट्रॉयजवळ रोइतेइऑन येथे दाखवीत. समुद्राने ते एका बाजूने फोडल्यावर दिसलेल्या गुडघ्याच्या वाट्या मुलांच्या पंचक्रीडेतील थाळीएवढ्या होत्या, ही ऐकीव हकीकत प्रवासवर्णनकार पॉसेनियसने दिली आहे.