पंपाचे तास कमी करणे आणि पंपाचा वेग कमी करणे: हिवाळ्यातील स्विमिंग पूलचा हिशेब

पुणे आणि लोणावळा परिसरात नोव्हेंबर सरत आला की बंगल्यांच्या स्विमिंग पूलमधील पाणी गार पडू लागते, पोहणारे कमी होतात आणि उन्हाळ्यात दिवसाला दहा तास चालणारा पंप आता कमी चालवावा, असा विचार साहजिकच मनात येतो. तो विचार योग्यच आहे, कारण गार पाण्यात शेवाळ सावकाश वाढते, ऊन मंदावल्यामुळे क्लोरीनही कमी उडून जातो आणि गाळणीवरचा भार हलका होतो. मात्र ‘पंप कमी चालवणे’ या एकाच शब्दप्रयोगात दोन निराळ्या गोष्टी मिसळल्या जातात. टायमर लावून तास कमी करणे ही एक आणि मोटरचा वेग कमी करणे ही दुसरी.

उदाहरणासाठी 10 मीटर लांब, 5 मीटर रुंद आणि सरासरी 1.4 मीटर खोल असा पूल घेऊ. त्यात 70,000 लिटर पाणी मावते. तासाला 14,000 लिटर पाणी फिरवणारा आणि 1.1 किलोवॉट वीज घेणारा पंप हे सारे पाणी पाच तासांत एकदा गाळून काढतो. उन्हाळ्यातील दहा तासांत पाणी दोनदा गाळले जाते आणि 11 युनिट खर्च होतात. हिवाळ्यात पाच तास ठेवले, तर पाणी एकदाच गाळले जाते आणि 5.5 युनिट लागतात. म्हणजे तास निम्मे केले की वीज निम्मी होते आणि गाळणेही निम्मे होते.

वेगाचे गणित असे सरळ चालत नाही. पंपाचा वेग निम्मा केला की प्रवाह साधारण निम्मा होतो, परंतु विजेची गरज वेगाच्या घनाच्या प्रमाणात उतरते, म्हणजे तत्त्वतः आठव्या हिश्श्यावर येते. निम्म्या वेगाने दहा तास चालणारा पंप तेच 70,000 लिटर पाणी गाळतो, पण त्यासाठी सुमारे 1.4 युनिट पुरतात. मोटरची कार्यक्षमता कमी वेगाला थोडी घसरत असल्याने प्रत्यक्षात आकडा याहून काहीसा वाढतो, तरीही पाच तासांच्या 5.5 युनिटपेक्षा तो बराच कमी राहतो. जास्त तास चालणारा पंप कमी वीज घेतो, ही गोष्ट पहिल्यांदा ऐकताना पटत नाही, आणि माझ्या मते या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

येथे एका चुकीबद्दल कळकळीने सांगावेसे वाटते. व्हॉल्व्ह अर्धा बंद करणे म्हणजे वेग कमी करणे नव्हे. त्याने प्रवाह घटतो, पण मोटर पूर्ण वेगानेच फिरत राहते आणि बिल फारसे उतरत नाही. वेग कमी करायचा, तर व्हेरिएबल स्पीड पंप हवा किंवा थ्री फेज मोटरला व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा विद्युत नियंत्रक) बसवायला हवा. साध्या सिंगल फेज पंपाला तो जोडू नये. ज्यांच्याकडे असा साधा पंप आहे, त्यांच्यासाठी टायमरचाच मार्ग योग्य आहे.

कमी वेगालाही मर्यादा आहेत. सँड फिल्टरचा बॅकवॉश, म्हणजे पाणी उलट दिशेने सोडून वाळूची गाळणी धुणे, पूर्ण वेगानेच करावा लागतो, कारण मंद प्रवाहाने वाळूचा थर उचललाच जात नाही. पृष्ठभागावरचा कचरा ओढून घेणाऱ्या स्किमरची ओढही मंदावते, आणि आपल्याकडे पानगळ नेमकी याच दिवसांत असल्याने पाने तळाशी बसण्याआधी ओढून घेण्यासाठी रोज तासभर पूर्ण वेग ठेवणे बरे. मिठापासून क्लोरीन तयार करणारे यंत्र असेल, तर ते पंप चालू असतानाच काम करते. त्यामुळे तास कमी केले की क्लोरीनही कमी तयार होतो, आणि प्रवाह फार मंद झाला तर यंत्र थांबते.

तास एकदम न तोडता आठवड्याला एकेक तास कमी करावा, तळाची जाळी स्पष्ट दिसते का ते पाहावे आणि मुक्त क्लोरीन (जंतू मारण्यासाठी पाण्यात शिल्लक असलेला क्लोरीन) लिटरमागे 1 ते 3 मिलिग्रॅमच्या दरम्यान टिकतो का ते तपासावे. सोसायटीच्या पूलला मात्र हा हिशेब जसाच्या तसा लावू नये, कारण तेथे पाणी किती फिरवायचे हे हवेपेक्षा पोहणाऱ्यांच्या संख्येवर ठरते. फेब्रुवारीच्या मध्यापासून दुपारचे ऊन झपाट्याने तापू लागते, तेव्हा पाणी हिरवट दिसण्याची वाट न पाहता तास पुन्हा वाढवायला सुरुवात करावी.