किरणांचा डोस मोजायचा कसा? : रेडिओथेरपीमागची पार्श्वभूमी

रेडिओथेरपीच्या, म्हणजे कर्करोगावरच्या किरणोपचाराच्या, कागदावर ‘६० ग्रे, ३० फ्रॅक्शन’ असं लिहिलेलं असतं. ग्रे हे शोषलेल्या किरणांच्या मापाचं एकक, आणि फ्रॅक्शन म्हणजे एका वेळी दिलेला हप्ता. म्हणजे रोज २ ग्रे, आठवड्याला पाच दिवस, सहा आठवडे. औषधाच्या चिठ्ठीवरच्या मिलिग्रॅमइतकाच हा आकडा साधा वाटतो. पण गोळी वजन करून बनवता येते. फुप्फुसाच्या आत दडलेल्या गाठीने किती किरण शोषले, हे दर वेळी तिथे जाऊन मोजता येत नाही. पाण्यात केलेलं मोजमाप आणि त्यावर रचलेलं गणित यांतून तो आकडा ठरतो. हे जमायला कित्येक दशकं गेली, आणि त्याची किंमत माणसांनी मोजली.

रंटगेनने क्ष-किरण शोधले ते नोव्हेंबर १८९५ मध्ये. वर्षभरातच व्हिएन्नात लिओपोल्ड फ्रॉइंडने पाच वर्षांच्या एका मुलीच्या पाठीवरच्या केसाळ डागावर ते वापरले. केस गळले, पण पाठीवर खोल जखमही झाली. किती किरण दिले हे सांगायला तेव्हा एककच नव्हतं. डॉक्टर त्वचा लाल होण्याची वाट बघत आणि तेवढा डोस ‘पुरेसा’ मानत. अडचण अशी की लाली काही दिवसांनी उमटते; ती दिसेपर्यंत द्यायचं ते देऊन झालेलं असतं. क्ष-किरणांच्या नळीतून निघणाऱ्या किरणांचा जोर तपासायला काही डॉक्टर स्वतःचा हात समोर धरत. त्यांतल्या अनेकांची बोटं गेली, काहींचा जीव गेला.

यातून पहिली सुटका केली रंगाने. १९०२ मध्ये व्हिएन्नातल्या गीडो होल्ट्सक्नेख्टने किरणांनी रंग बदलणाऱ्या क्षारांवर आधारलेलं मापक काढलं. १९०४ मध्ये पॅरिसच्या साबुरो आणि न्वारे यांनी बेरियम प्लॅटिनोसायनाइडची चकती आणली. डोक्यावरच्या गजकर्णासाठी मुलांचे केस गळवायचे असत, तेव्हा ही हिरवट चकती नळी आणि डोकं यांच्या बरोबर मध्ये ठेवायची. अर्ध्या अंतरावर किरणांची तीव्रता चौपट असते, त्यामुळे डोक्याला चकतीच्या पाव हिस्साच डोस मिळे. चकती पिवळसर-तपकिरी होऊन नमुन्याच्या रंगाशी जुळली की नळी बंद. प्रकाशात चकतीचा रंग परत फिकट होई, म्हणून ती उजेडापासून जपावी लागे. डोळ्याच्या अंदाजावर चालणारी ही पद्धत आज कच्ची वाटेल, पण ‘आता थांबा’ हे त्वचेआधी सांगणारं साधन डॉक्टरांच्या हाती आलं, ही माझ्या मते या इतिहासातली फार मोठी पायरी आहे.

खरं एकक मात्र हवेतून आलं. किरण हवेतून गेले की हवेत विद्युतभार तयार होतो आणि तो मोजता येतो. याच आधारावर एकक ठरवावं, असं फ्रान्सच्या पॉल व्हिलारने १९०८ मध्ये सुचवलं होतं. १९२५ मध्ये लंडनला भरलेल्या रेडिओलॉजीच्या परिषदेत एककं ठरवण्यासाठी आंतरराष्ट्रीय आयोग नेमला गेला आणि १९२८ मध्ये स्टॉकहोममध्ये ‘रंटगेन’ हे एकक मान्य झालं. पण रंटगेन सांगायचं ते हवेत काय घडलं ते. हाड, चरबी आणि स्नायू एकाच झोतातून वेगवेगळी ऊर्जा शोषतात. हवेच्या छोट्याशा पोकळीतल्या मापावरून भोवतालच्या पदार्थाने किती ऊर्जा शोषली हे कसं काढायचं, ते ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लुईस हॅरल्ड ग्रे याने १९३६ मध्ये मांडलं. १९५३ मध्ये शोषलेल्या ऊर्जेचं ‘रॅड’ हे एकक आलं आणि १९७५ मध्ये त्याच ग्रेच्या नावाचं एकक : एक किलो पदार्थात एक जूल ऊर्जा, म्हणजे १०० रॅड. ही ऊर्जा इतकी थोडी असते की २ ग्रेने पाण्याचं तापमान एका अंशाच्या जेमतेम दोन हजाराव्या भागाने वाढतं. पेशींचं नुकसान होतं ते उष्णतेने नव्हे, डीएनए तुटल्याने.

मोजमाप आजही पाण्याच्या टाकीत, आयन चेंबरने होतं; म्हणजे आतल्या हवेत तयार झालेला विद्युतभार मोजणाऱ्या छोट्या पोकळ कुपीने. त्या दिवशीचं तापमान आणि हवेचा दाब नोंदवून आकडा दुरुस्त करावा लागतो, कारण चेंबरमधली हवा विरळ झाली की भारही कमी जमतो.

उरला गणिताचा भाग. रुग्णाच्या अंगाभोवती शिशाची तार वाकवून त्याचा आकार कागदावर उतरवायचा, त्यावर आयसोडोजचे (सारखा डोस मिळणाऱ्या जागा रेषांनी जोडून दाखवणारे) तक्ते ठेवून हाताने बेरजा करायच्या, अशी पद्धत होती. १९५५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्सिएन यांनी हे काम पंचकार्डांच्या यंत्रावर नेलं. पण तक्ते धरून चालत की शरीर म्हणजे सगळीकडे सारखंच पाणी. १९५६ मध्ये केप टाऊनच्या एका रुग्णालयात आठवड्यातला थोडा वेळ काम करणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञ ॲलन कॉरमॅकला हेच खटकलं. आत काय आहे ते कळल्याशिवाय डोस अचूक कसा काढणार? त्याने बाहेरून घेतलेल्या मापांवरून आतलं चित्र उभं करण्याचं गणित १९६३-६४ मध्ये छापलं. फारसं कुणी लक्ष दिलं नाही. पुढे ब्रिटिश अभियंता हाउन्सफील्डने स्वतंत्रपणे सीटी स्कॅनर बनवला आणि १९७९ मध्ये नोबेल दोघांना मिळालं. सीटीमागच्या गणिताचं एक मूळ डोसच्या हिशोबात आहे, हे फार कमी जणांना ठाऊक असतं.

संगणकाने चुका संपल्या असं मात्र झालं नाही. इंग्लंडमध्ये स्टोक-ऑन-ट्रेंटला १९८२ पासून संगणकावर आखणी सुरू झाली. किरणांचा स्रोत रुग्णापासून किती दूर आहे त्यानुसार करायची दुरुस्ती संगणक आपोआप करत होता, आणि कर्मचारी जुन्या सवयीने ती पुन्हा हाताने करत राहिले. जवळपास दहा वर्षं हजारावर रुग्णांना ठरल्यापेक्षा कमी डोस मिळाला, काहींना सुमारे ३० टक्क्यांपर्यंत कमी. नवी संगणक प्रणाली आली आणि आकडे जुळेनात, तेव्हा १९९१ मध्ये हे उघड झालं. एक्सेटरला १९८८ मध्ये उलट घडलं : किरण देणारा नवा किरणोत्सर्गी कोबाल्टचा स्रोत बसवताना वेळेच्या मोजणीत चूक झाली आणि २०७ रुग्णांना २५ टक्के जादा डोस गेला.

मोजणाऱ्यानेच स्वतःचा आकडा तपासला तर अशी चूक सापडत नाही. म्हणूनच आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना १९६९ पासून जगभरच्या रुग्णालयांना टपालाने छोटे डोसिमीटर, म्हणजे डोस मोजणारी साधनं, पाठवतात. सुरुवातीची कित्येक दशकं त्यात लिथियम फ्लोराइडची पूड भरलेल्या कॅप्सूल असत. रुग्णालयाने त्या पाण्यात ठेवून बरोबर २ ग्रे द्यायचे आणि परत पाठवायच्या. प्रयोगशाळेत ती पूड तापवली की साठलेल्या ऊर्जेच्या प्रमाणात चमके, आणि त्या उजेडावरून खरा डोस कळे. फरक ५ टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. जास्त असेल तर रुग्णालयाला कळवून कारण शोधलं जातं आणि पुन्हा नवे डोसिमीटर धाडले जातात.